खांबावरचा वाटा

मिस युडोरा किमान वेतनावर बोलत होत्या आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावर असतानाच सगळ्या सभेनं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

सभा म्हणजे काय, तर पेरो बे गावच्या वाळूत उभी केलेली एक जुनी पिकअप, तिच्या हौद्यात मिस युडोरा, त्यांच्यापुढे कर्णा धरलेले मिस्टर अल्फोन्स, पक्षाचा पिवळा झेंडा सांभाळणारी मी आणि समोर गाव. गाव मात्र झाडून आलं होतं. शनिवारची दुपार होती, कुणाला घाई नव्हती आणि भाषण फुकट होतं. तेवढ्यात टेकाडावर बसलेल्या टेहळ्यानं शंख फुंकला. एकदा लांबलचक, मग पुन्हा.

त्या गावात शंखाचा अर्थ एकच. मासळी आली. बायकांनी झगे वर खोचले, बाप्यांनी चपला भिरकावल्या आणि बघता बघता सगळे पाण्याकडे धावले. आमच्यासमोर उरले दोघे. एक खुंटीला बांधलेली शेळी आणि दुसरा सत्ताधारी कोंबडा पार्टीचा लाल शर्टातला फोटोवाला. शेळीला मत नव्हतं आणि फोटोवाल्याचं आधीच ठरलेलं होतं.

"थांबू या जरा," मिस्टर अल्फोन्स म्हणाले. "येतील परत."

"मासे सोडून किमान वेतनाकडे कोण परत येतं, अल्फोन्स?" मिस युडोरा म्हणाल्या, आणि त्यांनी वाकून बूट काढायला घेतले.

हे सेंट ओडील नावाच्या बेटावरचं. कॅरिबियन समुद्रातलं एवढंसं बेट, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं, पण देश म्हटल्यावर पंतप्रधान, संसद, राष्ट्रगीत सगळं जिथल्या तिथे. मी तिथे शाळेत गणित शिकवायला गेले होते. मी कुमुद खवणेकर, मालवणच्या किनाऱ्यावर मासे मारणाऱ्या गाबिताची मुलगी. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक तिथे काही काळ राहिला की त्याला मत मिळे, असा तिथला कायदा. मालवणात मतदारयादीत माझं नाव कधी सापडलं नाही, ते सात समुद्रांपलीकडे पहिल्या फटक्यात सापडलं. मत मिळालं म्हणून मी राजकारणात पडले असं मात्र नाही. मी मिस युडोरांची भाडेकरू होते. पेरो बेतच त्यांचं घर, वर माझी खोली, खाली पक्षाचं ऑफिस. जिन्यावरून उतरताना कुणीतरी हातात पत्रकं देई आणि मी ती वाटून येई, एवढंच सुरुवातीला होतं.

पक्षाचं नाव कॉमन गुड पार्टी. लोकहिताचा पक्ष म्हणा. डावीकडे झुकलेला, पण बेतानं. गोदीतल्या हमाल बायकांना धड मजुरी मिळावी, शाळेत पोरांना दूध मिळावं, आणि हे सगळं कुणाचं काही न हिसकावता व्हावं, असं म्हणणारा. निवृत्त मास्तर, नर्सबाया, कारकून असली मंडळी. कार्यकारिणीची बैठक आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसे आणि तरी खुर्च्या उरत. माणसं सोन्यासारखी, पण नाकानं कांदे सोलणारी. कोंबडा पार्टीवाले सभेला आलेल्यांना रम पाजत, तळलेली कोंबडी खिलवत. त्यांना स्वतःच्या चिन्हाचीही दयामाया नव्हती. आमचे लोक लिंबाचं सरबतसुद्धा देत नसत. का, तर मत विकत घेतल्यासारखं होतं. संसदेत आमची जागा एकच होती, पेरो बेची, मिस युडोरांची. ही गेली की पक्ष गेला, हे शत्रूच काय, राजधानीतले आमचेच लोक उघड बोलत होते. मतदान येत्या गुरुवारी होतं.

तर मिस युडोरांनी बूट काढून मोटारीच्या टपावर ठेवले आणि त्या वाळूत उतरल्या. मी झेंडा शेळीच्या खुंटीला बांधला आणि मागोमाग गेले.

पाण्यात होडी अर्धवर्तुळ मारून जाळं सोडत येत होती आणि किनाऱ्यावर दोराची दोन टोकं धरून माणसं दोन रांगांत उभी राहत होती. मला सांगायला कुणाची गरज नव्हती. ही आमची रापण होती. भाषा वेगळी, माणसांचे रंग वेगळे, पण दोर तोच आणि मागे रेलून ओढायची तऱ्हा तीच. वडिलांच्या मागे उभी राहून मी असा दोर ओढलेला होता. रापणीचा नियमही तोच होता, हे मी आधीच ऐकून होते. दोराला ज्यानं हात लावला त्याला मालकानं हाकलायचं नाही, आणि ओढणाऱ्याला वाटा चुकवायचा नाही.

इथे अडचण एवढीच होती की या जाळ्याचा मालक कॅप्टन टायटस होता. मिस युडोरांचा सख्खा थोरला भाऊ. त्याच्या होड्यांच्या शेडवर कोंबड्याचा लाल झेंडा फडकत होता आणि तो बहिणीशी कित्येक वर्षं बोलत नव्हता. त्यांची आई वारली तेव्हा राजधानीत गोदीतल्या बायकांचा संप चालू होता, मिस युडोरा त्याच्या पुढारी होत्या. त्या गावात पोचल्या तेव्हा आईला पुरून झालं होतं. "जगाची आई होत फिरली, आणि स्वतःच्या आईला खांदा द्यायला राहिली," असं कॅप्टन टायटस तेव्हा म्हणाला होता, आणि त्यानंतर काहीच म्हणाला नव्हता.

त्यानं बहिणीला दोरापाशी येताना पाहिलं. तोंडातला पाईप काढला, पुन्हा ठेवला. हाकलणं नियमात बसत नव्हतं. त्यानं नजर जाळ्याकडे वळवली. मिस युडोरांनी शेवटच्या माणसामागे जागा धरली, मी त्यांच्यामागे.

ओढताना कुणी खासदार नसतं, कुणी टीचर नसतं. पुढचा रेलला की आपण रेलायचं, ओला दोर पायाशी गोळा करायचा, पाण्याजवळ जाऊन पुन्हा धरायचा. मिस युडोरा साठीला टेकलेल्या, अंगानं भारी. पण दोर धरला आणि त्यांचा पाय वाळूत जसा रुतला, ते शिकवून येत नाही. पुढची एक बाई मान वळवून म्हणाली, "हात विसरले नाहीत, डोरा." मिस युडोरा लहान मुलीसारख्या हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. निवडणूक इथेच जिंकली, असं मला वाटून गेलं.

जाळं आलं ते फुगून आलं. आमच्या बांगड्यांच्या चुलतभावंडांसारखे मासे, चंदेरी, फडफडणारे. कॅप्टन टायटस वाळूत बसला आणि ढीग लावू लागला. इंजिनाचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे एकेक. म्हाताऱ्याला तेवढाच, तरण्याला तेवढाच. एक ढीग त्यानं मिस युडोरांच्या पायाशी लावला. इतरांपेक्षा एक मासाही कमी नाही, जास्तही नाही. वर पाहिलं नाही.

तेवढ्यात मिस्टर अल्फोन्स धापा टाकत आले. ते पूर्वी कोर्टात कारकून होते आणि आता मिस युडोरांचे निवडणूक प्रतिनिधी. निवडणुकीचा कायदा त्यांना तोंडपाठ होता, आणि तो रोज वापरायला मिळत नाही याचं त्यांना दुःख होतं.

"हात लावू नका," ते कुजबुजले. "तो फोटोवाला बघा. उमेदवार, मतदार आणि मासे एका फोटोत. उमेदवारानं मासे घेतले की वाटले, हे फोटोत कळत नाही. याचिका होईल."

"हा वाटा आहे," मी म्हणाले. "मिस युडोरा, घ्या तो. घ्यायलाच हवा."

"टीचर, हे गणित नव्हे," मिस्टर अल्फोन्स म्हणाले.

मिस युडोरांनी एकदा त्या लाल शर्टाकडे पाहिलं, एकदा ढिगाकडे. मग पदरी असलेला सगळा सभ्यपणा गोळा करून त्या म्हणाल्या, "माझा वाटा राहू दे, कॅप्टन. मी काही घ्यायला नव्हते आले. मदतीला आले होते."

मघाशी डोरा म्हणून हाक मारणारी बाई आपले मासे टोपलीत भरू लागली. कॅप्टन टायटसनं आता पहिल्यांदा बहिणीकडे नीट पाहिलं. तो ढीग त्यानं दोन्ही हातांनी उचलला, आतून साफ केला, मीठ चोळलं, सुतळीत ओवला आणि होड्यांच्या शेडपुढे जो खांब होता त्याला नेऊन बांधला. न नेलेला वाटा तिथे टांगायची रीत होती. ज्याचा त्यानं येऊन सोडवायचा, दुसऱ्या कुणी खायचा नाही, मांजरानं नेला तर मालकानं भरून द्यायचा. तो खांब चर्चच्या, दुकानाच्या आणि नळाच्या वाटेवर होता. गावातलं माणूस दिवसातून एकदा तरी तिथून जाई.

आमचे वडील म्हणायचे, "दोराक हात लायलो तर वाटो घेवकच व्हयो. नको म्हणता तो एक तर मालक, नायतर उपकार करणारो. दोघांपासून लांब ऱ्हवायचा." हे मी मिस युडोरांना गाडीत सांगितलं. मालवणीचं त्यांच्या बोलीत करताना थोडं सांडलं, पण मतलब पोचला.

"तुमच्या गावची गोष्ट वेगळी असेल," मिस्टर अल्फोन्स म्हणाले.

मिस युडोरा खिडकीतून मागे बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर आम्ही घरोघर निघालो. पेरो बेत तुम्ही दारात उभे राहिलात की आधी "आत या" म्हणतात, मग पाणी देतात, मग तुमच्या पक्षाला शिव्या देतात. त्या दिवशी शिव्या कुणीच दिल्या नाहीत. सगळे उंबऱ्यात उभे राहून अदबीनं बोलले. "हो, मिस युडोरा." "बघू, मिस युडोरा." डोरा कुणी म्हटलं नाही. पाणी मागावं लागलं. मला आमच्याकडचं आठवलं, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. आम्ही तर ते शब्दशः केलं होतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आजी होती, मा बर्नी. गोदीच्या संपात मिस युडोरांच्या बरोबरीनं उभी राहिलेली. तीही उंबऱ्यातच उभी.

"बर्नी, तू तरी सांग," मिस युडोरा म्हणाल्या. "काय झालंय?"

"काही नाही. तुम्ही मदतीला आलात, फार उपकार झाले."

"बर्नी."

मा बर्नीनं हात पदराला पुसतात तसे ॲप्रनला पुसले. "कोंबडेवाले येतात, मासे घेऊन जातात, वर म्हणतात अजून द्या. चोर आहेत, पण आमच्यातले चोर आहेत. तू दोर ओढलास आणि वाटा आमच्याच तोंडावर टाकून गेलीस. आमचे मासे खाल्ले तर तुझं तोंड विटाळतं का, डोरा? संपात आपण एका डब्यातलं खाल्लं होतं. तेव्हा तुला कायदा आठवला नाही." एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं, आपटलं मात्र नाही.

परतताना त्या खांबापाशी मिस युडोरा थांबल्या. मासे उन्हात वाळायला लागले होते. त्यांच्याखालून गावातल्या दोन बाया पाण्याच्या बादल्या घेऊन गेल्या, वर बघत, मग आमच्याकडे बघत.

"मी उद्या माझा वाटा सोडवते," मिस युडोरा म्हणाल्या.

"अजिबात नाही," मिस्टर अल्फोन्स म्हणाले. "आता तर मुळीच नाही. आता घेतलात तर सगळे म्हणतील मतांसाठी घेतला. आधी नाकारला तो मान, आता घेतला तो डाव. कायद्याचं सोडा, मी माणूस म्हणून सांगतो."

खरं सांगते, मिस्टर अल्फोन्सचं ते एकच वाक्य मला तेव्हा पटलं होतं. पण मिस युडोरांनी एकदा ठरवलं की त्यांच्यापुढे संपात गोदीचे मालकही टिकले नव्हते, तिथे मिस्टर अल्फोन्स काय टिकणार?

सोमवारी सकाळी त्या एकट्या जायला निघाल्या. मी शाळेच्या वाटेनं त्यांच्याबरोबर गेले. कॅप्टन टायटस शेडच्या सावलीत बसून जाळं दुरुस्त करत होता. आसपास बरीच माणसं होती आणि कुणाचंही हातातल्या कामाकडे लक्ष नव्हतं.

"टायटस," मिस युडोरा म्हणाल्या. "माझा वाटा न्यायला आलेय."

जाळ्यातली सुई थांबली. "कोणाचा वाटा?"

"माझा. शनिवारी मी दोर ओढला."

"मदतीला आली होतीस म्हणे."

"चुकीचं बोलले. ओढायला आले होते."

कॅप्टन टायटसनं पाईप काढून बाजूच्या लाकडावर आपटला. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. "आज सोमवार. गुरुवारी मतदान. आज तुला मासे गोड लागतात, ते मासे आहेत म्हणून की मतं आहेत म्हणून?"

मिस युडोरांनी खांबावरच्या माशांकडे पाहिलं.

"मलाच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

"हे खरं बोललीस." तो पुन्हा जाळ्याकडे वळला. "वाटा तिथेच आहे. मतदान झालं की ये. पण तू येणार नाहीस, मला माहीत आहे. जिंकलीस तर राजधानीत मिरवणूक असेल. हरलीस तर तोंड दाखवायची लाज वाटेल. तुला नेहमीच कुठेतरी दुसरीकडे जायचं असतं, डोरा."

आईचं नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मिस युडोरांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"येईन," त्या म्हणाल्या.

"बघू."

"बघू नको. येईन म्हटलंय."

शाळेच्या फाटकापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या आणि तिथे थांबून मला म्हणाल्या, "टीचर, ही गोष्ट कुठल्याही भाषणात येता कामा नये. अल्फोन्सला सांग. माफीही नको, खुलासाही नको. मी किमान वेतनावर बोलणार आणि शाळेतल्या दुधावर बोलणार. हरायचं तर त्यावर हरू."

आणि त्या बोलल्या. मंगळवारी, बुधवारी, दुकानाच्या पायरीवर, नळावर, वाळूवर, घसा बसेपर्यंत. समोर माणसं कमी असली तरी बोलल्या. कोंबडा पार्टीचा ट्रक मुद्दाम आमच्या शेजारी उभा राहून गाणी लावायचा, तर त्या गाणं संपेपर्यंत थांबायच्या, ठेक्यावर पाय आपटायच्या आणि मग वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचलायच्या. राजधानीतल्या आमच्या एका शहाण्यानं निरोप पाठवला की तो खांब गुपचूप रिकामा करून टाका, प्रश्नच मिटेल. मिस युडोरांनी निरोप आणणाऱ्याला चहा दिला आणि परत पाठवलं. माझं मन मात्र सारखं त्या खांबाकडे जाई. मीठ लावलेले मासे दिवसागणिक कडक होत होते आणि मला वाटत होतं, तिथे मासे नाहीत, आमचा पक्षच टांगलाय.

गुरुवारी मी मत दिलं. आयुष्यातलं पहिलं. बोटाला लावलेल्या शाईकडे मी दिवसभर बघत होते. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मोजणी झाली आणि मिस युडोरा हरल्या. फार मतांनी नाही, पण हरल्या. बाहेर लाल शर्टांनी ढोल बडवले. मिस युडोरांनी जिंकलेल्या माणसाशी हात मिळवला, मोजणाऱ्या मास्तरांचे आभार मानले आणि घरी येऊन दिवा न लावता खुर्चीत बसल्या. मी रडत होते. त्या रडल्या नाहीत, पण माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसल्या.

शुक्रवारी सकाळी राजधानीतून गाडी आली. आमचे बाकीचे उमेदवारही पडले होते आणि कार्यकारिणी तिकडे जमली होती. एकच विषय होता. पक्ष विसर्जित करावा असा ठराव तयार होता, अध्यक्ष म्हणून मिस युडोरांनी फक्त येऊन बसायचं होतं. मिस्टर अल्फोन्स कोट घालून तयार. मिस युडोरांनीही राखाडी सूट घातला, मोत्यांची माळ घातली, पायात ते सभेचे बूट घातले. ड्रायव्हरनं दार उघडून धरलं.

तेवढ्यात शंख वाजला.

मिस युडोरा एक पाय गाडीत असताना थांबल्या.

"डोरा, नको," मिस्टर अल्फोन्स म्हणाले. इतक्या वर्षांत ते त्यांना पहिल्यांदाच डोरा म्हणाले असावेत. "आज तिकडे सगळं गाव असेल. सगळे हसतील."

"हसू देत."

"तिकडे लोक वाट बघतायत."

"इकडेही एक जण बघतोय," मिस युडोरा म्हणाल्या. त्यांनी पाय गाडीतून बाहेर काढला, बूट काढले आणि ड्रायव्हरच्या हातात दिले. त्या बिचाऱ्याला त्यांचं काय करावं ते कळेना.

वाळूवर खरंच सगळं गाव होतं. लाल शर्टही होते, रात्रीच्या ढोलांनी सुजलेल्या डोळ्यांचे. राखाडी सूट आणि मोत्यांची माळ घातलेली बाई अनवाणी येताना पाहून एक-दोघं हसले, पण हसू पुढे सरकलं नाही. मिस युडोरा दोराच्या अगदी शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. स्कर्ट वर खोचला. मी त्यांच्यामागे. आणि माझ्यामागे कुणीतरी धापा टाकत होतं म्हणून वळून पाहिलं, तर मिस्टर अल्फोन्स, कोटासकट. दोर कसा धरायचा तेही त्यांना माहीत नव्हतं. मा बर्नी आपली जागा सोडून आली आणि तिनं त्यांचे हात धरून नीट लावून दिले.

त्या दिवशी जाळ्यात फार काही नव्हतं. समुद्र रोज उदार नसतो. एवढ्या माणसांत ते वाटायचे म्हणजे प्रत्येकाला ओंजळभर. कॅप्टन टायटस वाळूत बसून ढीग लावू लागला. इंजिनाचा, जाळ्याचा, मग एकेकाचा. मिस्टर अल्फोन्सच्या पायाशी ढीग लागला तेव्हा ते चटकन दोन पावलं मागे सरकले, मग पुढे आले, वाकले आणि कोटाच्या खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून त्यात मासे बांधले.

मिस युडोरांच्या पायाशीही ढीग लागला. त्यांनी तो स्कर्टच्या ओच्यात घेतला. मग त्या उभ्याच राहिल्या, कुणाकडे न बघता.

कॅप्टन टायटस उठला. चालत खांबापाशी गेला, सुतळी सोडली आणि वाळून लाकूड झालेली ती माशांची माळ घेऊन आला. बहिणीपुढे उभा राहिला. दोघांची उंची सारखी, नाकं सारखी, हट्ट सारखा.

"हा शनिवारचा," तो म्हणाला.

मिस युडोरांनी मासे हातात घेतले. त्यांच्या बोटांना मीठ लागलं. "किती मीठ घातलंयस हे, टायटस."

"पुढच्या निवडणुकीपर्यंत टिकेल एवढं."

भोवती कुणी हसलं नाही. पुन्हा उभी राहा, हा त्याचा मतलब सगळ्यांना कळला होता. तरी आदल्या दिवशी त्यानं कोंबड्यालाच मत दिलं असणार, यात मला आजही शंका नाही. मिस युडोरांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत, हात मासळीचे होते.

"तोवर नाही ठेवायचे," त्या म्हणाल्या. "आजच शिजवते. जेवायला ये."

कॅप्टन टायटसनं पाईप तोंडात घातला, काढला, पुन्हा घातला. त्यांच्या आईला पुरल्यानंतर तो बहिणीच्या उंबऱ्यावर चढला नव्हता.

"नीरफणस मी आणतो," तो म्हणाला. "तुझ्याकडचा नेहमी कच्चा असतो."

वाळूच्या वर, रस्त्यावर, गाडीचा ड्रायव्हर हातात बूट घेऊन उभा होता. मिस युडोरा ओचा सांभाळत तिकडे गेल्या.

"जा, आणि त्यांना म्हणावं बैठक इथेच होईल," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी या. ठराव आणा, काय आणायचं ते आणा. जेवण आहे."

"मॅडम, जेवण पक्षाच्या बैठकीत?" ड्रायव्हरनं विचारलं. आमच्या पक्षाची कीर्ती त्याच्यापर्यंतही पोचलेली होती.

मिस युडोरांनी मिस्टर अल्फोन्सकडे पाहिलं. मिस्टर अल्फोन्सनी ओला रुमाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि घसा साफ केला.

"कायद्याची काही हरकत नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी आमच्या टेबलाभोवती पहिल्यांदाच खुर्च्या कमी पडल्या. मा बर्नी दोन स्टुलं घेऊन आली. कॅप्टन टायटस भाजलेला नीरफणस मांडीवर घेऊन दाराशी बसला आणि पक्षाच्या लोकांच्या पानात स्वतः तोडून वाढू लागला. ठराव मांडणारे गृहस्थ राजधानीहून टंकलेखन करून आणलेला कागद खिशात घेऊन बसले होते. खारे मासे मिस युडोरांनी आणि मी मालवणी पद्धतीनं नारळात शिजवले होते आणि ते हातांनीच खावे लागत. त्यांनी दोन-तीनदा खिशाकडे बघितलं, मग आपल्या बरबटलेल्या हातांकडे.

"आधी जेवून घ्या," कॅप्टन टायटस त्यांना म्हणाला, आणि त्यांच्या पानात आणखी एक मासा वाढला.